लिनक्सवर एक्सएमएल-आधारित दस्तऐवज उघडणे आणि वाचणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणीतरी पाठवलेली फाइल उघडत नाही, किंवा उघडते पण तिच्यात अक्षरांऐवजी टोकदार कंसांचं रान माजलेलं दिसतं, तेव्हा बहुतेकांना वाटतं की फाइल गेली. बहुतेक वेळा ती गेलेली नसते. अशा फाइलींच्या पोटात साधा, माणसाला वाचता येणारा मजकूर असतो आणि लिनक्सवर त्या मजकुरापर्यंत पोचायच्या वाटाही बऱ्याच आहेत. माझ्याकडे वर्षानुवर्षं जे प्रश्न येत राहिले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एक्सएमएल-आधारित दस्तऐवज म्हणजे नेमकं काय?

एक्सएमएल ही मजकुरावर खुणा करण्याची पद्धत आहे. हा परिच्छेद, हे शीर्षक, हा तक्ता, अशा खुणा, म्हणजे टॅग, टोकदार कंसांत लिहायच्या आणि मधे मूळ मजकूर ठेवायचा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिची पहिली शिफारस फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीचे बहुतेक ऑफिस दस्तऐवज बायनरी, म्हणजे फक्त प्रोग्रॅमलाच वाचता येतील असे, असत. जुनी डॉट डॉक फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की कचराच दिसतो, तो त्यामुळेच.

आज आपण वापरतो त्या डॉट ओडीटी (लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅमच्या) आणि डॉट डॉक्सएक्स (मायक्रोसॉफ्ट वर्डच्या) या दोन्ही फाइली मुळात झिप, म्हणजे दाबून लहान केलेली गाठोडी, आहेत. एका झिपमध्ये अनेक छोट्या एक्सएमएल फाइली, चित्रं आणि कोणती वस्तू कुठे आहे ते सांगणारी यादी, असं ते गाठोडं असतं. ओडीटी ज्या ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) कुळातली आहे त्याला ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मे २००५ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली आणि २००६ मध्ये ते आयएसओ २६३०० झालं. डॉक्सएक्सचं कूळ डिसेंबर २००६ मध्ये एक्मा ३७६ म्हणून आणि २००८ मध्ये आयएसओ २९५०० म्हणून मान्य झालं. दोन्हींचे तपशील कुणालाही वाचायला खुले आहेत. म्हणूनच ज्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये फाइल बनली तो प्रोग्रॅम तुमच्याकडे नसला तरी काम अडत नाही.

सगळ्या अशा फाइली झिपच असतात का?

नाही. काही एकसंध एक्सएमएल असतात : डॉट एफओडीटी म्हणजे सपाट ओडीएफ, डॉट एफबीटू ही पुस्तकं, डॉकबुक, एसव्हीजी चित्रं, आणि वर्ड २००३ मधून एक्सएमएल म्हणून जतन केलेले दस्तऐवज. ग्न्यूमेरिकची फाइल जीझिपने दाबलेली एकच एक्सएमएल असते. ईपब पुस्तक मात्र झिपच आहे, आत एक्सएचटीएमएलची पानं असलेलं.

डॉट एक्सएमएल फाइलवर डबल क्लिक केलं की ब्राउझर उघडतो आणि टॅगचं झाड दिसतं. दस्तऐवज का दिसत नाही?

कारण डॉट एक्सएमएल या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. एखाद्या डब्यावर नुसतं 'डबा' लिहावं तसं ते आहे. आत हिशेबाचा तक्ता असेल, पत्र असेल, नाहीतर एखाद्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज असतील. ब्राउझरला त्या फाइलसाठी शैलीपत्रक (मजकूर कसा दाखवायचा ते सांगणारी फाइल) सापडलं नाही की तो जसंच्या तसं झाड दाखवतो आणि वर तशी सूचनाही देतो. ती चूक नव्हे.

पहिल्या काही ओळी नीट वाचा. तिथे 'एमएसओ-ॲप्लिकेशन' आणि पुढे वर्ड किंवा एक्सेल असं दिसलं, तर ती २००३ च्या पिढीतली ऑफिस फाइल आहे. लिब्रेऑफिस उघडा, त्याच्या फाइल मेन्यूतून ओपन करा, सरळ दिसेल. 'ऑफिस डॉक्युमेंट' दिसलं तर सपाट ओडीएफ, तीही लिब्रेऑफिसमध्येच. 'फिक्शनबुक' दिसलं तर ऑक्युलर, फोलिएट किंवा कॅलिबर. 'एसव्हीजी' दिसलं तर इंकस्केप किंवा तोच ब्राउझर. मूळ टॅगचं नाव हाच त्या फाइलचा खरा पत्ता.

आणि एक्सटेन्शनच चुकीचं असेल, किंवा नसेलच, तर?

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, 'फाइल' ही कमांड लिहून पुढे फाइलचं नाव द्या. ती एक्सटेन्शनवर न विसंबता आतले पहिले बाइट पाहते. झिपची सुरुवात 'पी' आणि 'के' या दोन अक्षरांनी होते, झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरं. ओडीएफमध्ये तर 'माइमटाइप' नावाची छोटी फाइल सगळ्यांत आधी आणि न दाबता ठेवायची शिफारस मुद्दाम केलेली आहे, म्हणजे झिप न उघडताच प्रकार ओळखता यावा. रचना करणाऱ्यांनी केलेला हा विचार मला फार आवडतो.

डेस्कटॉपला तो प्रकार काय वाटतो हे पाहायचं असेल, तर 'एक्सडीजी-माइम' कमांडला 'क्वेरी फाइलटाइप' असं विचारा. तिथे उत्तर बरोबर आलं आणि तरी भलताच प्रोग्रॅम उघडत असेल, तर फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधून 'ओपन विथ' बदला. तुमची निवड होम फोल्डरच्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात 'माइमॲप्स डॉट लिस्ट' या फाइलीत लिहिली जाते.

लिब्रेऑफिस न उघडता आतला मजकूर पाहता येतो का?

येतो, आणि एकदा तरी पाहावाच. फाइलची प्रत करा, प्रतीचं एक्सटेन्शन झिप करा आणि डबल क्लिक करा. आर्काइव्ह मॅनेजर किंवा आर्क ती उघडून दाखवेल. टर्मिनलची सवय असेल तर नाव बदलायचीही गरज नाही : 'अनझिप' कमांडला हायफन एल दिलं की यादी मिळते, आणि हायफन पी देऊन आतल्या एका फाइलचं नाव सांगितलं की ती पडद्यावर येते.

ओडीटीमध्ये मजकूर 'कंटेंट डॉट एक्सएमएल' मध्ये असतो, शैली 'स्टाइल्स' मध्ये, लेखक आणि तारखा 'मेटा' मध्ये. डॉक्सएक्समध्ये 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल' शोधा. तळटीपा, शीर्षपट्टी आणि टिपण्या तिथे वेगवेगळ्या फाइलींत असतात. तळटीप हरवली म्हणून घाबरून जाण्याआधी त्या फाइली बघा.

ती फाइल उघडली तर एडिटरच अडकला. सगळं एकाच ओळीत का आहे?

कारण ती यंत्रासाठी लिहिलेली असते आणि यंत्राला ओळींचं काही वाटत नाही. दोनशे पानांचा ग्रंथ एका ओळीत आला की बरेच एडिटर गळपटतात. 'एक्सएमएललिंट' कमांडला दुहेरी हायफन लावून 'फॉरमॅट' हा पर्याय द्या, टॅग पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेले मिळतील. डेबियन आणि उबंटूत ही कमांड 'लिबएक्सएमएल२-युटिल्स' या पॅकेजमध्ये येते, फेडोरात 'लिबएक्सएमएल२' मध्येच.

इथे एक सावधगिरी. अशी सुबक मांडलेली प्रत फक्त वाचण्यासाठी ठेवा. मांडणी करताना घातलेल्या नव्या ओळी आणि जागा काही ठिकाणी मजकुराचाच भाग ठरू शकतात. ती प्रत पुन्हा झिपमध्ये भरली तर शब्दांमध्ये नको तिथे मोकळ्या जागा पडलेल्या आढळतील.

डोळ्यांना दिसतोय तो शब्द 'ग्रेप' या शोधणाऱ्या कमांडने शोधला तर सापडत नाही. असं कसं?

हा प्रश्न ज्याला पडला त्याने फाइलच्या आत खरोखर डोकावलेलं असतं. दोन कारणं असतात. पहिलं सोपं : झिपवर थेट ग्रेप चालवलं तर दाबलेल्या बाइटांत शब्द सापडणारच नाही.

दुसरं कारण गंमतीचं आहे. डॉक्सएक्समध्ये परिच्छेदाचे तुकडे पडलेले असतात, त्यांना 'रन' म्हणतात. एका रनमधल्या सगळ्या अक्षरांची शैली एक. पण वर्ड प्रत्येक संपादनसत्राला एक खूणक्रमांक देतो आणि तो रनवर नोंदवतो. तुम्ही आज 'दस्त' लिहिलंत आणि उद्या त्याला 'ऐवज' जोडलंत, तर कागदावर शब्द एक, पण फाइलीत मधे पाच-सात टॅग. लिब्रेऑफिसही ओडीटीत अशा खुणा ठेवतं, त्यामुळे तिथेही शब्द मधेच तुटलेला मिळू शकतो.

उपाय म्हणजे टॅगमध्ये शोधूच नये, आधी निखळ मजकूर काढावा. 'पॅनडॉक' या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला आउटपुट 'प्लेन' सांगितलं की दोन्ही प्रकारच्या फाइलींतला मजकूर मिळतो. पॅनडॉक नसेल तर लिब्रेऑफिसच्या 'सॉफिस' कमांडला 'हेडलेस' आणि 'कॅट' हे पर्याय देऊन पाहा. मग त्या मजकुरावर ग्रेप चालवा.

डॉक्सएक्स उघडते, पण पानं पुढेमागे होतात, तक्ते सरकतात. लिब्रेऑफिस कमी पडतं का?

कधीकधी पडतं, विशेषतः तरंगत्या चौकटी आणि एकात एक तक्ते असतील तेव्हा. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष फॉन्टचा निघतो. फाइलीत फॉन्टचं फक्त नाव असतं, फॉन्ट सहसा नसतो. ज्या फॉन्टमध्ये पत्र लिहिलं तो तुमच्याकडे नसला की दुसरा येतो, त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी, मग ओळ वेगळ्या ठिकाणी मोडते आणि पुढची चाळीस पानं त्या एका ओळीमागे फरपटत जातात.

यासाठी रुंदीला जुळणारे मोफत फॉन्ट आहेत. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कँब्रियाच्या जागी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सॅन्स आणि लिबरेशन सेरिफ. हे बसवून फाइल पुन्हा उघडा. पुष्कळदा पानं आपोआप जागेवर येतात. लोक हे न करता थेट प्रोग्रॅमला दोष देतात, याचं मला वाईट वाटतं, कारण दोन मिनिटांचं काम असतं.

मराठी मजकुराचं काय? कुठे चौकोन दिसतात, कुठे इंग्रजी अक्षरांची खिचडी.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि उपायही वेगळे.

चौकोन दिसतात तेव्हा मजकूर शाबूत आहे, फक्त देवनागरी फॉन्ट नाही. नोटो सॅन्स देवनागरी, नोटो सेरिफ देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवा. जोडाक्षरं तुटत असतील तर लिब्रेऑफिसची आवृत्ती पाहा. २०१७ च्या ५.३ पासून सगळ्या प्लॅटफॉर्मवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरलं जातं आणि तेव्हापासून ही अडचण बरीच कमी झाली.

इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते ती फाइल बहुधा युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असते, उदाहरणार्थ कृतिदेव. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले होते. म्हणजे एक्सएमएलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलेली आहेत. आत डोकावलंत की तेच दिसेल. फॉन्टचं नाव डॉक्सएक्सच्या 'फॉन्टटेबल' फाइलीत मिळतं. त्या फॉन्टसाठीचं युनिकोड रूपांतरक वापरून मजकूर एकदाच बदलून घ्या. तोच जुना फॉन्ट बसवून काम भागवलंत तर पडद्यावर मराठी दिसेल, पण शोधता येणार नाही, वर्णक्रम लागणार नाही आणि ती फाइल पुढच्या माणसाच्या संगणकावर पुन्हा खिचडीच होईल.

अजून एक. देवनागरीचा आकार बदलला तरी बदलत नाही, अशी तक्रार येते. ओडीएफ आणि डॉक्सएक्स दोन्हींत जटिल लिप्यांसाठी फॉन्ट आणि आकार स्वतंत्र नोंदवले जातात. लिब्रेऑफिसच्या भाषाविषयक पर्यायांत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल) सुरू करा. मग शैलीच्या फॉन्ट टॅबमध्ये सीटीएलचा वेगळा रकाना दिसेल. बदल तिथे करायचा.

फाइल खराब आहे असा संदेश येतो. काही वाचवता येईल का?

आधी प्रत करा. पुढचं सगळं प्रतीवर.

फाइल अर्धवट उतरली असेल तर पुन्हा मागवणं हा सर्वांत चांगला उपाय. ते शक्य नसेल तर झिपची रचना आपल्या बाजूने आहे. झिपची मुख्य यादी फाइलच्या शेवटी असते. शेवट तुटला की यादी जाते आणि प्रोग्रॅम म्हणतो झिप सापडत नाही. पण आतल्या प्रत्येक फाइलला स्वतःचं छोटं शीर्षकही असतं. 'झिप' कमांडचा हायफन एफएफ हा पर्याय ती शीर्षकं शोधत जातो आणि नवी यादी बांधतो. वर्डने बनवलेल्या डॉक्सएक्समध्ये मुख्य मजकुराची फाइल साधारणपणे सुरुवातीजवळ असते, त्यामुळे शेपूट तुटलं तरी मजकूर हाती लागण्याची शक्यता चांगली. लिब्रेऑफिसही उघडताना 'दुरुस्त करू का' असं विचारतं. हो म्हणा.

झिप ठीक पण आतली एक्सएमएल बिघडलेली असेल तर 'एक्सएमएललिंट' चा 'रिकव्हर' पर्याय आहे. जेवढं समजतं तेवढं तो बाहेर काढतो. चूक कुठे आहे हे ओळक्रमांकासह कळतं, ते शांतपणे वाचा. सुटा राहिलेला अँपरसँड (&), न मिटलेला टॅग, किंवा फाइलच्या सुरुवातीच्या एक्सएमएल घोषणेच्या आधी पडलेली एक रिकामी ओळ, यांपैकीच काहीतरी निघतं. घोषणेत यूटीएफ-८ लिहिलंय पण मजकूर दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे, हेही नेहमीचं. तिथे एन्कोडिंग बदलणारी 'आयकॉन्व्ह' कमांड कामाला येते.

एका मैत्रिणीचा प्रबंध पेनड्राइव्ह घाईने ओढल्यामुळे असाच तुटला होता. शेवटची चित्रं गेली, प्रकरणं सगळी मिळाली. तिचा चेहरा आठवला की ही माहिती लिहून ठेवावीशी वाटते.

पासवर्ड लावलेली डॉक्सएक्स 'फाइल' कमांडला झिप का वाटत नाही?

कारण ती झिप उरलेलीच नसते. पासवर्ड लावला की वर्ड संपूर्ण झिप कूटबद्ध करून जुन्या बायनरी कोशात गुंडाळतो. ओडीएफमध्ये बाहेरची झिप राहते, मॅनिफेस्ट (आतल्या फाइलींची यादी) वाचता येतं, मजकूर मात्र कूटबद्ध. दोन्ही ठिकाणी पासवर्ड माहीत असेल तर लिब्रेऑफिस उघडतं. माहीत नसेल तर अनझिपने काही साधत नाही.

आतल्या एक्सएमएलमध्ये बदल करून परत झिप केलं, तर ओडीटी ओळखली जात नाही.

'माइमटाइप' आधी आणि न दाबता भरली का? ती हायफन शून्य आणि हायफन मोठा एक्स देऊन पहिल्यांदा घाला, बाकी सगळं नंतर. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बाहेरचं फोल्डरच झिप करणं. फोल्डरच्या आत जाऊन तिथून झिप करायचं. वारंवार हातांनी बदल करणार असाल तर फाइल एफओडीटी म्हणून जतन करा. झिपची भानगडच मिटते, आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसारख्या साधनात कुठे काय बदललं हे ओळीनिशी दिसतं.

दस्तऐवजातली चित्रं मूळ दर्जात हवी आहेत.

अनझिप करा. ओडीटीत 'पिक्चर्स', डॉक्सएक्समध्ये 'वर्ड' खालचं 'मीडिया'.

मी पुसलेला मजकूर फाइलीत राहतो का?

बदलांचा माग चालू असेल तर राहतो. पडद्यावर लपवला तरी एक्सएमएलमध्ये तो 'वगळलेला' अशा खुणेखाली शब्दशः असतो, कुणी, कधी वगळला त्यासह. शिवाय 'मेटा' किंवा 'कोअर' फाइलीत लेखकाचं आणि शेवटी जतन करणाऱ्याचं नाव मिळतं. महत्त्वाचं पत्र बाहेर पाठवण्याआधी सगळे बदल स्वीकारा किंवा नाकारा, प्रॉपर्टीजमधली वैयक्तिक माहिती काढा, आणि एकदा अनझिप करून स्वतः पाहा.

पीडीएफ अर्ज उघडला तर फक्त 'कृपया थांबा' असं पान दिसतं.

हा अर्ज एक्सएफए प्रकारचा आहे. पीडीएफच्या वेष्टनात खरा अर्ज एक्सएमएलने मांडलेला असतो आणि ते पान नुसतं झाकण असतं. कितीही थांबलात तरी काही होणार नाही. फायरफॉक्सच्या अंगभूत वाचकात ऑक्टोबर २०२१ च्या ९३ व्या आवृत्तीपासून असे अर्ज दिसतात आणि भरताही येतात. आधी तिथे उघडून पाहा. पीडीएफ २.० मानकाने हा प्रकार कालबाह्य ठरवला, तरी जुने अर्ज फिरतच असतात.

फाइल डिस्कवर आहे, पण प्रोग्रॅमला दिसत नाही.

प्रोग्रॅम स्नॅप किंवा फ्लॅटपॅक म्हणून बसवलेला आहे का? अशा प्रोग्रॅमना कुंपण असतं. होमधले लपलेले फोल्डर, बाहेरची डिस्क, टेंप फोल्डर त्यांना दिसेलच असं नाही. फाइल डॉक्युमेंट्समध्ये आणून उघडा, किंवा सेटिंग्जमधून परवानगी द्या.

शेकडो फाइली एकदम पीडीएफ करायच्या आहेत.

'सॉफिस' ला 'हेडलेस' आणि 'कन्व्हर्ट-टू पीडीएफ' सांगा, पुढे फाइलींची नावं. लिब्रेऑफिसची खिडकी आधी उघडी असेल तर बंद करा, नाहीतर कमांड काहीच न करता परत येऊ शकते. दोन-तीन पीडीएफ डोळ्यांखालून घातल्याशिवाय मूळ फाइली हलवू नका.

अनोळखी माणसाकडून आलेली एक्सएमएल उघडणं धोक्याचं आहे का?

टेक्स्ट एडिटरमध्ये वाचणं सुरक्षित आहे. धोका तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतो. एक्सएमएलला बाहेरची फाइल किंवा पत्ता ओढून आणायची सोय आहे. एकात एक गुंफलेल्या लघुरूपांनी काही ओळींचा मजकूर स्मृती भरून टाकेल इतका फुगवताही येतो. 'एक्सएमएललिंट' ला 'नोनेट' दिलं की ते नेटवर जात नाही. ऑफिस दस्तऐवजाने मॅक्रो (आत ठेवलेला छोटा प्रोग्रॅम) चालवायची परवानगी मागितली तर नकार द्या. पत्र वाचायला मॅक्रो लागत नाही.

मग माझं स्वतःचं लेखन कशात ठेवू?

लिनक्सवरच लिहीत असाल तर ओडीटीत ठेवा. समोरच्याला डॉक्सएक्स हवी असेल तर पाठवताना प्रत काढून द्या, पण मूळ ओडीटीच राहू द्या. एकीतून दुसरीत वारंवार ये-जा केली की शैली झिजत जातात. अंतिम स्वरूप फक्त वाचण्यासाठी असेल तर सोबत पीडीएफ द्या. आणि लिब्रेऑफिसच्या लोड-सेव्ह पर्यायांत 'बॅकअप प्रत नेहमी ठेवा' यावर आजच खूण करा.